पोरगा रेल्वेच्या अनाउन्समेंट बोलतो, आजीशी अहिराणी, आणि आता सेंटरवाले म्हणतात घरात एकच भाषा ठेवा

अमळनेरची_माय
नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहितेय कारण घरात जरा जास्तच वाजलंय. मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझम आहे, असेसमेंट नाशिकला झालं, कान तपासून झाले, ऐकू व्यवस्थित येतं. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी दोन्ही चालू आहे. बोलतो, म्हणजे तोंडातून शब्द भरपूर येतात पण स्वतःचं असं फार कमी. आमचं घर स्टेशनजवळ, त्यामुळे "यात्रीगण कृपया ध्यान दें" हे लाडकं वाक्य, अगदी त्याच चालीत, पुढे गाडीचा नंबर सुद्धा. पाहुणे हसतात, व्हिडिओ काढतात, मला नाही आवडत ते. सासूबाईंशी मात्र अहिराणी. त्या त्याला विचारायच्या "भाकर खास का?" तर आता भूक लागली की हाच त्यांचा पदर धरून म्हणतो "भाकर खास का". भूक ह्याला आणि विचारतो त्यांना.

आता सेंटरला नवीन थेरपिस्ट आल्यात. त्यांचं म्हणणं घरात मराठी, आजीची अहिराणी, शाळेची इंग्रजी, टीव्हीची हिंदी, एवढ्या खिचडीत मूल गोंधळणारच, अहिराणी आधी बंद करा. शाळा म्हणते घरी इंग्रजीच बोला. मिस्टरांना दोन्ही पटतं, म्हणजे काय पटतं देव जाणे. सासूबाईंना मराठी समजतं पण बोलता येत नाही धड, त्यामुळे त्या आता त्याच्याजवळ बसतात, शेंगा सोलून देतात आणि गप्प राहतात. हे बघवत नाही हो.

भाषा कमी केली की बोलणं लवकर येतं का खरंच? आणि ही पाठ वाक्यं बंद करायची की चालू द्यायची? आणि प्रगती प्रगती म्हणतात ती मोजायची कशावर?

केळीबागवाला
ताई टेन्शन घेऊ नका. आमच्या भाऊबंदकीत एक जण पाच वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता पुण्यात इंजिनीअर आहे. पोरं आपल्या वेळेवर बोलतात. डॉक्टर लोकांचा धंदा आहे हा.

तापीकाठचा
केळीबागवाले भाऊ, तुमचा भाऊबंद उशिरा बोलला असेल, पण तो आईकडे बघून बोट दाखवत होता का, हाक मारली की वळत होता का, हे विचारा घरी. नुसतं उशिरा बोलणं वेगळं आणि ऑटिझम वेगळा. हे "वाट बघा" ऐकून आमच्या आजूबाजूला लोकांनी पोरांची दोन दोन वर्षं घालवलीत. ताईंचं तर निदान झालेलं आहे, त्यांना काय सांगून राहिला भो तुम्ही.

ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, यावल तालुक्यात राहतो, घरात लेवा बोली. ती दीड वर्षाची असताना मामा, दूध, भू असे थोडे शब्द बोलायची आणि मग ते हळूहळू गेले. ह्याला रिग्रेशन म्हणतात, बऱ्याच ऑटिस्टिक मुलांत होतं, साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान. आमच्याकडे लोक म्हणाले लस दिली म्हणून झालं, कोणी म्हणे नजर लागली. लसीचा संबंध नाही हे मोठमोठ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय, ते आधीच सांगतो म्हणजे तो फाटा इथे फुटायला नको.

ती आजही तोंडाने फार कमी बोलते. लग्नात, तेरवीला, बाजारात, सगळीकडे एकच प्रश्न, "बोलायला लागली का?" नाही म्हटलं की चेहरे पडतात. पण तिला आता फोटोवर बोट ठेवून सांगता येतं की पोट दुखतंय, की केस विंचरताना हळू. आधी पोट दुखलं की ती डोकं आपटायची आणि आम्हाला रात्रभर कळायचं नाही काय झालंय. आता डोकं आपटणं जवळपास थांबलं. ही प्रगती कोणत्या खात्यात धरायची? बोललेल्या शब्दांच्या खात्यात तर शून्यच दिसेल.

स्पीचवाली_धुळे
मी ह्याच कामात आहे. मुलाला न बघता उपचार सांगणार नाही, पण ताईंचे तिन्ही प्रश्न असे आहेत की त्यांचं उत्तर बरंच सर्वसाधारण देता येतं. लांबेल, माफ करा.

भाषेचं. दोन भाषांच्या घरातल्या ऑटिस्टिक मुलांवर बरेच अभ्यास झालेत, २०१२ साली कॅनडात मॉन्ट्रियलला झालेला त्यातला एक नावाजलेला. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून ह्या मुलांचं बोलणं एका भाषेवाल्यांपेक्षा जास्त मागे पडलं असं दिसलं नाही. गोंधळ होतो ही समजूत जुनी आहे, माझ्या कॉलेजातल्या काही सरांचीही होती. उलट आई किंवा आजी ज्या भाषेत अडखळते त्या भाषेत तिला बोलायला लावलं की ती कमी बोलते, छोटं बोलते, हुकूम सोडल्यासारखं बोलते, ये, बस, खा. गोष्ट सांगत नाही, चिडवत नाही, लाड करत नाही. मुलाच्या वाट्याची निम्मी भाषा तिथेच गेली. तुमच्या सासूबाई तर पूर्णच गप्प झाल्यात.

पाठ वाक्यांचं. ह्याला इकोलेलिया म्हणतात. ऐकल्या ऐकल्या तेच परत म्हणणं हा एक प्रकार, आणि काल परवा किंवा महिन्यापूर्वी ऐकलेलं आज म्हणणं हा दुसरा. पूर्वी ते बंद करायच्या मागे लागायचे. आता आम्ही आधी बघतो की मूल ते कधी म्हणतंय, कोणासमोर, आणि त्यानंतर काय होतं. "भाकर खास का" हे तर मागणं आहे सरळ सरळ. त्याने ते वाक्य अख्खंच्या अख्खं उचललं, भूक लागल्यावर जे ऐकू येतं ते. तू आणि मी ची अदलाबदल त्यातूनच होते. त्याला "असं नाही म्हणायचं" म्हणून टोकू नका. त्याने म्हटलं की आजीने त्याच्या बाजूने म्हणायचं, "माले भाकर दे", आणि लगेच भाकरी द्यायची. म्हणून दाखव मग देते, असं नाही. रेल्वेचं वाक्य तो कधी म्हणतो ते चार दिवस लिहून काढा, मग बोलू.

प्रगती कशावर मोजायची ते उद्या लिहिते, आता पेशंट आहे.

गोल्डन_सेल_हेल्थ
ऑटिझम १००% रिझल्ट. स्टेम सेल थेरपी, तीन सिटिंगमध्ये मूल बोलू लागेल. इनबॉक्स करा.

तापीकाठचा
आले. ह्यांना कोणी इनबॉक्स करू नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमला स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. माझ्या ओळखीच्या एकाने जमिनीचा तुकडा विकलाय ह्यात. ॲडमिन, उडवा हे.

दादरची_भाकरी
मला तर गहू बंद दूध बंद सांगितलं होतं एकांनी, म्हटलं बाबा आमच्या पोराला खान्देशात जन्मल्यापासून दादरचीच, म्हणजे ज्वारीची भाकरी, गव्हाचं काय घेऊन बसलात. दूध बंद केलं तर त्याचं जे एकमेव खाणं होतं दूध-भाकरी तेही गेलं आणि वजन उतरलं. परत चालू केलं. बोलण्यात काही फरक नव्हता ना आधी ना नंतर.

अमळनेरची_माय
स्पीचवाल्या ताई, चार दिवस कशाला, आत्ताच डोक्यात लक्ख झालं. "यात्रीगण" हे तो दोनदाच म्हणतो, एक म्हणजे मी फोनवर बोलत असले की, आणि एक म्हणजे गर्दीत. काल चुलतसासऱ्यांकडे कानबाईचा उत्सव होता, ढोल वाजायला लागले, हा माझ्या मांडीत घुसून मोठमोठ्याने कृपया ध्यान दें कृपया ध्यान दें. मी तोंडावर हात ठेवत होते लोकांमुळे. लक्ष द्या म्हणत होता की काय तो??

स्पीचवाली_धुळे
शक्य आहे, चांगलंच शक्य आहे. स्टेशनवर ते वाक्य आलं की सगळे माना वर करतात हे त्याने पाहिलंय. त्याला तुमची मान वळवायचीय. पुढच्या वेळी त्याच्याकडे वळा, डोळ्यांच्या उंचीला खाली बसा आणि छोटं काहीतरी द्या, "आई, इकडे बघ" किंवा "आवाज नको". त्याने तेव्हाच परत म्हणावं अशी अपेक्षा नको. रोज ऐकून ऐकून एक दिवस ते त्याच्या तोंडी येतं, कधी येतच नाही आणि मग दुसरी वाट काढावी लागते.

पुण्यात_खान्देशी
थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही मुलासाठी दीड वर्ष फक्त मराठी ठेवली, थेरपिस्टच्याच सांगण्यावरून, आणि त्याचं बोलणं त्या काळात खरंच वाढलं. त्यामुळे सगळे थेरपिस्ट चूक असं म्हणू नका. आणि एक कडू बोलतो, अहिराणी बोलून शाळेत हसतातच ना पोराला, आधीच तो वेगळा, त्यात अजून कशाला भर.

मास्तर_चोपडा
पुण्यातले भाऊ, हसतात त्या पोरांना गप्प करायचं काम आमचं आहे, तुमच्या आईची बोली बंद करायचं नाही. २० वर्षं जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिलीला येणारी निम्मी पोरं घरून अहिराणी घेऊन येतात, सातपुड्याकडच्या वस्त्यांवर पावरी, भिली. पहिले दोन महिने ती गप्प असतात आणि नवीन शिक्षक लगेच शेरा मारतो "बोलत नाही". अरे तुझ्याशी बोलत नाही बाबा, मधल्या सुट्टीत ऐक जरा.

नंदुरबारहून
मास्तरांच्या मुद्द्याला जोडून. मी अंगणवाडीशी संबंधित कामात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, आरबीएसके म्हणतात त्याला, २०१३ पासून आहे. जन्मतःचे दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर हे सगळं त्यात बघतात, शून्य ते १८ वर्षं. चांगली सोय आहे, फुकट आहे, पण डॉक्टर मराठीत विचारतात "बाळा चेंडू कुठे आहे" आणि पोर पावरीतलं. ते नाही दाखवलं की समजत नाही असं लिहिलं जातं. आणि ह्याच्या उलटही होतं, खरंच अडचण असलेलं मूल "आदिवासी आहे, भाषा येत नाही" म्हणून सोडून दिलं जातं, ते जास्त वाईट. आजी किंवा आई शेजारी बसवून तिच्या तोंडून विचारलं की पाच मिनिटात फरक कळतो. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. पाणी एका भाषेत म्हटलं आणि भाकर दुसऱ्या, तरी शब्द दोन धरायचे.

स्पीचवाली_धुळे
नंदुरबारहून, तुमची पोस्ट आमच्या कॉलेजात वाचून दाखवायला हवी.

पुण्यातल्या दादांसाठी: त्या दीड वर्षात तुमचं मूल दीड वर्षाने मोठंही झालं, सेशनही चालू होती, तुम्ही घरी त्याच्याशी जास्त बसायला लागला असाल. मराठी तुमची स्वतःची भाषा आहे म्हणून ते जमलं. फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. सेशनमध्ये मी पण एकाच भाषेत काम करते, कारण मला दुसरी नीट येत नाही. त्याचा अर्थ घरातली दुसरी तोडा असा होत नाही.

आता प्रगती. लोक शब्द मोजतात कारण ते मोजायला सोपे. मी आधी बाकीचं बघते. नावाने हाक मारली की वळतो का, हवी असलेली वस्तू आणि तुमचा चेहरा ह्यांत नजर फिरवतो का, बोट दाखवतो ते फक्त मागायला की "ते बघ" म्हणून पण, नाही म्हणता येतं का, मदत मागतो का, सूचना हातवारे न करता कळते का. समजणं आणि बोलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी, काही मुलांचं समजणं बोलण्याच्या पुढे असतं, पाठ वाक्यं बोलणाऱ्यांचं कधी कधी उलट असतं, बोलणं भारी वाटतं आणि समजणं मागे. तुमच्या मुलाचं दोन्ही वेगवेगळं तपासून घ्या. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी जी आपली भारतीय मोजपट्टी वापरतात, इसा, तिच्यात ४० मुद्दे आणि सहा विभाग आहेत, बोलणं-भाषा हा त्यातला एक.

चार वर्षांपर्यंत बोलला नाही म्हणजे संपलं, हेही खरं नाही. अमेरिकेत २०१३ साली ५३५ मुलांची माहिती छापून आली होती. चार वर्षांच्या वयात ज्यांचं बोलणं फार मागे होतं अशी ही मुलं, आठ वर्षं आणि पुढे गेल्यावर बघितलं तर साधारण ७० टक्के छोटी वाक्यं तरी बोलत होती आणि ४७ टक्के सलग बोलत होती. ह्याचा अर्थ ३० टक्के नव्हती, ते पण लक्षात ठेवायचं, आणि त्या ३० टक्क्यांनाही सांगायचं असतंच काहीतरी.

दादरची_भाकरी
ताई घरी करता येईल असं एखादं सांगा ना, आम्हाला आठवड्यातून एकच सेशन परवडतं आणि ते पण ४५ मिनिटांत पोरगं रडण्यातच अर्धा वेळ घालवतं

तापीकाठचा
मी सांगतो आमचं, ताई चुकलं तर दुरुस्त करतील. मुलीला शेव फार आवडते, आपली भाजीची जाड तिखट शेव. आम्ही ती पारदर्शक बरणीत ठेवली, झाकण तिला उघडणार नाही असं घट्ट. बरणी तिच्या समोर. आधी ती रडायची, आम्ही उघडून द्यायचो, विषय संपला. मग बायकोने काय केलं, बरणी तिच्या हातात दिली आणि स्वतः हात पसरून समोर बसली, काही बोलायचं नाही, "बोल शेव, शेव बोल" अजिबात नाही, मनात दहा आकडे. एवढं गप्प बसणं आपल्याला फार जड जातं बरं का, माझ्याच्याने तर होईना. तिने बरणी आईच्या हातात ठेवली की आई म्हणणार "उघड" आणि लगेच उघडणार. चार शेवा द्यायच्या, झाकण परत बंद. काही दिवसांनी बरणी देताना ती आईच्या तोंडाकडे बघायला लागली. नंतर शेवेचा फोटो आणून द्यायला लागली. मग फोटोंची वही झाली, आता मोबाईलवर जेलो नावाचं ॲप आहे, मुंबई आयआयटीने बनवलेलं, फुकट आहे, मराठी पण आहे त्यात. चित्राला टच केलं की बोलतं. आमच्या लेवा बोलीचं काय, तर वहीत आम्हीच लिहिलं.

केळीबागवाला
मोबाईल हातात दिला तर अजून बोलणार नाही ना मग? आयतं बोलून मिळतंय तर तोंड कशाला उघडेल?

स्पीचवाली_धुळे
हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आजोबा विचारतात, आणि रास्त आहे. २००६ मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, चित्रं, खुणा, यंत्रं वापरणाऱ्या ज्या २७ जणांची नोंद नीट ठेवलेली होती त्यातल्या एकाचंही बोलणं कमी झालं नाही, बहुतेकांचं थोडं वाढलं. थोडंच, चमत्कार नाही. मोबाईलवर एकट्याने कार्टून बघणं वेगळं आणि मोबाईलने आईला "अजून दे" सांगणं वेगळं. मोबाईल पाहून ऑटिझम होतो असंही नाही, "व्हर्च्युअल ऑटिझम" असं कुठलं अधिकृत निदान नाही. पण दिवसभर स्क्रीनपुढे असलेल्या मुलाशी कोणी बोलत नाही, हे नुकसान खरं.

तापीकाठचे दादा, बरणी अगदी बरोबर. एकच, मूल फार चिडलेलं किंवा उपाशी असताना करू नका.

जळगावचा_मुका
हा आयडी मुद्दाम घेतलाय, लहानपणी ह्याच नावाने हाक मारायचे. २३ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, साडेपाचला वाक्य बोललो असं आई सांगते. आताही कोणी समोरून घाईघाईत विचारलं तर शब्द येत नाहीत, टाईप करायला काही वाटत नाही. लहानपणी मी टीव्हीवरची साबणाची जाहिरात बोलायचो. आंघोळीची वेळ म्हणून नाही, आजीकडे असताना ती लागायची आणि आजीकडे शांत असायचं म्हणून. शांत पाहिजे असलं की जाहिरात. घरच्यांना वाटायचं ह्याला साबण पाहिजे, आणून द्यायचे, मी फेकायचो. तेव्हा लगेच अर्थ लावून मोकळं होऊ नका, चुकतो कधी कधी. आणि माझ्यासमोर "ह्याला काही समजत नाही" म्हणायचे, समजत होतं.

अमळनेरची_माय
दादा तुमची पोस्ट मिस्टरांना वाचायला दिली. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्याच्यासमोर त्याच्याविषयी फोनवर बोलत होते ते उठून बाहेर गेले बोलायला.

सेंटरला मी आज स्पष्ट सांगितलं की अहिराणी बंद होणार नाही, तुम्ही मराठीत काम करा, आम्ही घरी आमचं बघतो. बाई जरा नाराज झाल्या पण म्हणाल्या आजींना एकदा सेशनला घेऊन या, बघू. सासूबाई म्हणतात मी काय येऊ त्या खुर्च्यांमध्ये, माले काय समजस. येतील, लुगडं काढून ठेवलंय.

शाळेचं काय करू? ते म्हणतात पुढच्या वर्षी शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत बसणारी बाई, तुमच्या खर्चाने आणा नाहीतर बघा.

मास्तर_चोपडा
नाहीतर बघा असं म्हणता येत नाही त्यांना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात. सरकारी किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता घ्यायचं असं त्यात लिहिलंय. लेखी मागा, लेखी म्हटलं की अर्धे नरम होतात. आणि तुमच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात जा, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, जागा रिकामी नसेल तर. पुढे दहावीला बोर्डाच्या सवलती पण आहेत, जास्तीचा वेळ, लेखनिक वगैरे, पण त्याला दाखला लागतो. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ते कार्ड काढलं का?

अमळनेरची_माय
नाही काढलं. सासरे म्हणतात शिक्का बसेल.

तापीकाठचा
शिक्का लोकांनी आधीच मारलेला असतो काका, निदान कार्डाचा उपयोग तरी होतो, असं सांगा त्यांना. स्वावलंबनच्या साइटवर अर्ज, मग सिव्हिलला तपासणी. कार्ड झालं की निरामय विमा काढा, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो, नोंदणी त्यांच्याकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. बिलं जपून ठेवा, आमची पहिली फाईल सही नाही म्हणून परत आली होती. मिस्टर नोकरीत असतील तर जुन्या करपद्धतीत दिव्यांग मुलासाठीची वजावट (८० डीडी म्हणून ओळखतात ती) पण बघा, सीएला विचारा. एसटीतही सवलत बसते.

नवीन_आई_पारोळा
विषय वेगळा आहे पण इथेच विचारते. माझी मुलगी २० महिन्यांची आहे. ऑटिझम आहे की नाही माहीत नाही. बोट दाखवत नाही, काही पाहिजे असलं की माझा हात धरून नेते. चार शब्द होते ते आता ऐकू येत नाहीत. हाक मारली तर वळत नाही पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आला की पळत येते. डॉक्टर म्हणाले दोन वर्षांची होऊ द्या मग बघू. थांबू का?

स्पीचवाली_धुळे
थांबू नका. आलेले शब्द गेले ही एकच गोष्ट पुरेशी आहे तपासायला, वय कितीही असो. दोन गोष्टी लगेच करा. एक कानाची तपासणी, ओएई आणि लागली तर बेरा. पुड्याचा आवाज ऐकू येतो म्हणून कान ठीक आहेत असं धरू नका, काही आवाज येतात आणि बोलण्यातले काही सुटतात असंही असतं. दुसरं, एम-चॅट नावाची प्रश्नावली असते, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, २० हो-नाही प्रश्न, ती विकासाच्या बालरोगतज्ज्ञाकडून किंवा सिव्हिलच्या डीईआयसी विभागात (लहान मुलांच्या अडचणी लवकर तपासणारा विभाग) भरून घ्या. त्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायचं का एवढंच कळतं. तिला अचानक एकटक लागणं, झटके, असं काही असेल तर तेही सांगा, मग ईईजी, म्हणजे मेंदूची तपासणी बघतात.

आणि घरी काय बोलता तुम्ही, अहिराणी ना? तीच बोलत राहा तिच्याशी.

नवीन_आई_पारोळा
हो अहिराणीच. सोमवारी सिव्हिलला जाते. केसपेपर किती वाजेपर्यंत काढतात कोणाला माहीत आहे का?

दादरची_भाकरी
सकाळी लवकर जा, उशीर केला तर लाईन वाढते. आधारची झेरॉक्स आणि लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. आणि पोरीसाठी काहीतरी खायला घ्या, बसावं लागतं.